कासूच्या कौलांवरचा दात

इतक्या वर्षांत माझ्या हातून जेवढे दात निघाले, त्यांतला एक सोडून बाकी सगळे मी ज्याचे त्याला वेळच्या वेळी परत दिले. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आज लिहायला बसले आहे ती त्या उरलेल्या एका दाताबद्दल. पण आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर ही बाई एका दाताचं एवढं काय घेऊन बसली, असं वाटायचं.

मी दातांची डॉक्टर, त्यातही जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारी. दवाखाना पेणला होता आणि दर मंगळवारी-शुक्रवारी मी रोह्याला जायचे. सुरुवातीला लोक दारातून डोकवायचे, मला बघायचे आणि विचारायचे, डॉक्टर बाहेर गेलेत का? मीच डॉक्टर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, बाईमाणसाच्या हाताला दाढ निघेल का? दाढ जोराने निघत नाही हे सांगून कुणाला पटायचं नाही. मग मी गोठ्यातला खुंट आठवायला सांगायचे. दाढ हाडात तशीच रोवलेली असते. ओढली की मोडते. हलवत हलवत तिच्याभोवती जागा केली की आपणहून हातात येते. ज्याने जन्मात एकदा खुंट उपटलाय त्याला हे लगेच कळायचं, आणि पेण-रोह्याकडे असा माणूस नव्हता तरी कोण? माझं हे खुंटपुराण पुढे इतकं गाजलं की पेशंटच शेजारच्याला ऐकवू लागले.

दात परत द्यायची चाल एका म्हाताऱ्याने पाडली. दाढ काढून झाली, कापूस चावायला दिला, तरी हा खुर्चीतून उठेना. मी विचारलं, बाबा, चक्कर येते का? त्याने कापूस गालात सारला आणि म्हणाला, "माझी दाढ द्या. अंगातली हाय ती, तुमच्या बालदीत कशाला पडंल?" मला त्याचं म्हणणं एकदम पटलं. तेव्हापासून आमच्या सुमनताईंना मी सांगून ठेवलं, की निघालेला दात धुवायचा, कागदात पुडी करून नातेवाइकाच्या हातात द्यायचा. सुमनताई म्हणजे माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस, माझ्याहून वयाने मोठ्या आणि शब्दाच्या पक्क्या. त्या पुडीला हळदीचं बोटही लावायच्या. पुढे कोण तो दात कुठे टाकायचा, याची मी चौकशी केली नाही. कुणी परसात पुरायचे, कुणी वाहत्या पाण्यात सोडायचे. पोरांचे दुधाचे दात मात्र शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचे, म्हणजे नवा दात चांगला येतो.

साध्या दाढा-किडींबद्दल मी लिहीत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे जरा वेगळी माणसंही यायची. रोह्याजवळच्या वरशाच्या वेणूबाईंचा जबडा जांभई दिली की निखळायचा. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा तोंडाचा आ तसाच, पदर वर धरलेला, आणि कपाळभर अंगारा. घरच्यांना वाटलं, बाईला कुणीतरी धरलंय. दुपारभर त्यांच्यापुढे नारळ ओवाळून झाले होते, आणि त्या बिचारीला नुसतं "माझा जबडा" एवढंही बोलता येत नव्हतं. जबड्याची बिजागरी कानापुढे असते. ती उंचवट्याच्या पुढे घसरली की स्नायू तिला तिथेच आवळून धरतात. मी दोन्ही अंगठ्यांना फडकं गुंडाळलं, खालच्या दाढांवर ठेवले, खाली दाबलं आणि मागे ढकललं. खट्‌ झालं, आणि माझा डावा अंगठा त्यांच्या दातांत सापडला. वेणूबाईंनी तो सोडला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते सुनेला, की नारळ वाया घालवू नको, वाटण कर. पुढे त्यांचं निखळणं इतकं वाढलं की तो उंचवटाच तासावा लागला. त्यानंतर त्या मुद्दाम माझ्यासमोर जांभई देऊन दाखवायच्या.

दुसरा आठवतो तो पेणचा क्लॅरिनेटवाला. त्याने कुठेतरी वरची दाढ काढून घेतली होती, आणि तेव्हापासून चहा प्यायला की नाकातून येत होता. वरच्या दाढांच्या मुळांवर हाडात एक पोकळी असते, नाकाला जोडलेली. मूळ निघताना कधी तिचा तळ फुटतो. चहाचं त्याला काही वाटत नव्हतं. पण त्याची फुंक वाद्यात न जाता नाकातून जायची, आणि लग्नसराई तोंडावर आली होती. मी गालाच्या आतलं मांस सरकवून भोकावर ओढलं आणि शिवलं. दोन आठवडे फुंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, असं बजावलं. तपासणीला तो क्लॅरिनेट घेऊनच यायचा. बाहेरच्या बाकावर बसून, वाद्य ओठांपासून वीतभर लांब धरून, नुसती बोटं चालवायचा. आवाज काहीच नाही. बाकीचे पेशंट मान डोलवायचे, का ते त्यांनाच ठाऊक. मी आत कुणाच्या तरी तोंडात वाकलेली असायचे आणि मला ते गाणं ऐकू यायचं, अगदी अंतऱ्यासकट. कोणतं, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

अशा गोष्टी मला आता खऱ्या घडलेल्या वाटतात की गाडीत डुलकी लागल्यावर पाहिलेल्या, हे सांगणं कठीण झालंय. कारण माझं निम्मं आयुष्य पेण-रोहा गाडीत अर्धवट झोपेत गेलं. सकाळची गाडी, खिडकीची जागा. पेण सोडलं की भाताची खाचरं, मध्येच पाणी, पाण्यात एका पायावर बगळे. माझे डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांपुढे आदल्या दिवशीचे जबडे तरंगत यायचे, आणि कुठेतरी दूर कुणीतरी हाक मारल्यासारखी कासूची पाटी यायची. गाडी मिनिटभर थांबायची. त्या मिनिटाने मला पुढची अठरा-एकोणीस वर्षं जागं ठेवलं.

वनिता कासूची. मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तेरा वर्षांची होती. आई नव्हती. बाप गणपत भाताची आणि वालाची शेती करायचा, आणि घर चालवायची ती त्याची थोरली बहीण ठकूआत्या. गणपत सांगत होता की पोरीचा एक दुधाचा दात पडतच नाही, आणि त्याच बाजूचा गाल खाली सुजत चाललाय. दुखत काही नव्हतं. मी खालच्या जबड्यावर बोट दाबलं, तर हाड पापडासारखं आत गेलं आणि वर आलं.

एक्स-रेची प्लेट काढली. दुधाच्या दाताखाली सुळ्यामागचा पक्का दात आडवा पडून होता, आणि त्याच्याभोवती काळा गोल डाग. याचे दोन अर्थ निघतात, आणि ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. न उगवलेल्या दाताभोवती कधी पाण्याची पिशवी धरते. ती साधी असली तर दातासकट काढून टाकली की काम संपलं. पण कधी ती पिशवी साधी नसते. तिच्या अस्तरात जबडा पोखरणारी गाठ दडलेली असते. ती वर्षानुवर्षं गप्प बसते, परत येते, आणि मग अर्धा जबडा कापून काढावा लागतो. प्लेटवर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो फक्त काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर, आणि ती सोय तेव्हा मुंबईला होती. तेरा वर्षांच्या पोरीचा अर्धा जबडा जाणार की नाही, ते त्या बोटभर कातडीवर ठरणार होतं.

मी हे गणपतला आणि ठकूआत्याला सगळं सांगितलं. दात काढताना ओढत का नाहीत, हेही सांगितलं, तेच खुंटाचं. गणपत माझ्या चपलांकडे बघत होता. आत्या माझ्याकडे बघत होती. तिने एकच विचारलं, मुंबईचा कागद कधी येईल. मी म्हटलं, पंधरा दिवसांत.

रोह्यातल्या एका ओळखीच्या सर्जनच्या छोट्या इस्पितळात एका मंगळवारी मी वनिताचं ऑपरेशन केलं. इतकं सुंदर ऑपरेशन माझ्या हातून क्वचित झालं असेल. हिरडी उघडली, पातळ झालेलं हाड उचललं, आणि पिशवी कुठेही न फाटता सोलत सोलत सबंध निघाली, दाताच्या मानेला घट्ट धरून. स्टीलच्या वाटीत ती ठेवली तेव्हा आत तो दात, पांढरा, कुणी कधी न बघितलेला. मी क्षणभर बघतच राहिले. मग शिवायला वळले. टाके घालता घालता सुमनताईंना म्हटलं, "बाटली भरून ठेवा." त्यांनी मान हलवली. माझं समाधान इतकं झालं होतं की त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत ती बाटली मी मांडीवरच्या पिशवीत दोन्ही हातांनी धरून बसले होते. डुलकी लागली. मला स्वप्न पडलं की कासूच्या खाचरांतून वालाच्या वेलांना दात लागलेत आणि बायका ते ओटीत तोडून घेतायत. मला ते स्वप्न फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणचा एक माणूस मुंबईला जाणार होता. त्याच्या हाती देण्यापूर्वी मी बाटली उजेडात धरली. बाटलीत पिशवी टिकवायचं औषध होतं. बाकी काही नव्हतं.

सुमनताईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या की बाटली भरायला सांगितली ती भरली, औषधाने. आणि दात तर आत्याच्या हातात दिला, पुडी करून, हळदीचं बोट लावून, नेहमीसारखा. मी त्यांच्या अंगावर ओरडले. इतकी वर्षं एकत्र काम केलं, कधी आवाज चढवला नव्हता. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दात परत द्यायचा हे तुम्हीच सांगितलंय ना?" खरंच होतं ते. पिशवी वेगळी ठेवा, हे मी बोललेच नव्हते. सुंदर काम झाल्याच्या नादात माझ्या मनातल्या मनात बोलून झालं होतं.

मिळेल त्या गाडीने मी कासूला उतरले. ठकूआत्या अंगणात भात वारवत होती. ती मंगळवारी दुपारच्या गाडीनेच घरी परतली होती, पोरीजवळ बाप राहिला होता. मी दाताचं विचारताच तिने सुपानेच छपराकडे दाखवलं. मी म्हटलं, अहो, तो दुधाचा नव्हता, पक्का होता. तर म्हणाली, "उगवलाच नाय तो बिचारा. जलमभर अंधारात व्हता. म्हटलं, त्याला जरा वारा लागू दे."

शिडी मागवली. शेजारचा एक माणूस वर चढणार होता, पण मी त्याला चढू दिलं नाही, साडी खोचून स्वतःच चढले. शेणाचा गोळा दुसऱ्या ओळीत सापडला, उन्हाने फुटलेला. दात होता. पिशवीचं नाव नव्हतं. काळ्या मुंग्यांची एक रांग तिथून निघून वळचणीखाली चालली होती, अगदी सावकाश, पोटभर जेवल्यासारखी. मी त्या कौलांवर किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. लांबून रेल्वेचा रूळ दिसत होता, त्यापलीकडे खाडीचं पाणी चमकत होतं, आणि मला वाटत होतं की आता डोळे उघडतील, पाटी येईल, रोहा येईल. खालून आत्याने हाक मारली, बाई, घेरी आली काय? मी दात रुमालात बांधला आणि खाली उतरले. काय झालं म्हणून तिने विचारलं, तर मी म्हटलं, काही नाही, दात एकदा नीट बघायचा राहिला होता. तिने मला गूळपाणी दिलं.

पंधरा दिवसांनी गणपत रोह्याला आला आणि त्याने विचारलं, कागद आला का? तोपर्यंत मी शंभर वेळा ठरवलं होतं की खरं सांगायचं. पिशवी हरवली, चूक माझी, आता आपल्याला काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल. एवढीच तीन वाक्यं. आत्या त्याच्या मागे उभी होती. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत म्हटलं, रिपोर्ट चांगला आहे. त्यांनी उगाच घाबरू नये म्हणून मी असं बोलले, अशी मी पुढे स्वतःची समजूत घालत आले. ते खोटं आहे. मला लाज वाटली होती. बाईमाणसाच्या हाताला दाढ निघेल का विचारणाऱ्या गावात, माझ्या हाताने एवढी मोठी चूक झाली हे मला सांगवेना.

मग मी नियम काढला. दर वर्षी एक प्लेट काढायची, सगळ्यांचीच काढतात, असं सांगितलं. आणि दुसरा नियम मनातल्या मनात. वनिता शाळेला नागोठण्याला जायची ती माझ्याच गाडीने. कासू आलं की मी खिडकीत बसून हाक मारायचे, ती गजांपाशी यायची, आणि मी हात बाहेर काढून तिचा जबडा चाचपायचे. तोंड उघड. दात मिट. झालं. शिट्टी व्हायची, ती पळत मागच्या डब्यात चढायची. डब्यातल्या लोकांना याची गंमत वाटायची. एखादा मुद्दाम गाल पुढे करायचा, बाई, आमचं पन बघा की. मी हसायचे. माझं बोट मात्र त्या हाडावर पापड शोधत असायचं. सापडला नाही की रोह्यापर्यंत गाढ झोप लागायची. एखाद्या दिवशी ती फलाटावर दिसली नाही, की रोह्यात पहिल्या पेशंटचाच जबडा मी दोनदा चाचपायचे.

शाळा सुटली, तरी वनिता मंगळवारी-शुक्रवारी फलाटावर यायची राहिली नाही. मला वाटायचं, पोरीला सवय लागली. पुढे तिचं लग्न खांब गावात झालं. नवरा धाटावच्या कंपनीत, शिफ्टने जाणारा. मग ती वर्षातून एकदा रोह्याला यायची, प्लेट काढायची, डबाभर काहीतरी करून आणायची. गणपत गेला. आत्या थकली. माझ्या टेबलाच्या खणात हळदीचं बोट लावलेल्या एका पुडीत तो दात पडून होता. परत द्यायचा तर काय म्हणून द्यायचा?

मी काम थांबवायचं ठरवलं, त्या हिवाळ्यात वनिता शेवटची प्लेट घेऊन आली. बत्तिशीला पोचलेली बाई, कडेवर मुलगा. प्लेट मी उजेडात धरली. जिथे काळा गोल होता तिथे हाड भरून आलं होतं, शेजारच्या हाडापासून वेगळं ओळखूही येत नव्हतं. इतक्या वर्षांनी मला मनापासून वाटलं की आता नाही, आता ते परत येत नाही. डोळे भरून आले. ते लपवायला मी आत्याची चौकशी केली, खाते-पिते का नीट? वनिता म्हणाली, सगळं खाते, फक्त वाल खात नाही. वालाच्या घरातली बाई वाल खात नाही म्हटल्यावर मी कारण विचारलं.

"सोडलाय तिने. माझं ऑपरेशन झालं तेव्हापासून," वनिता म्हणाली. "बोलली, बाई सांगतील भीती गेली म्हनून, तेव्हा खाईन."

मी म्हटलं, "अगं, पण मी तर पंधरा दिवसांतच सांगितलं होतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून."

वनिताने मुलाच्या टोपीची नाडी सोडली, परत बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, ती पिशवी आमच्या कौलावर मुंग्यांनी खाल्ली. मुंबईला कशाचा रिपोर्ट येनार?"

मुंग्यांचं मी फक्त सुमनताईंना बोलले होते, आणि सुमनताईंनी ते सांगितलं होतं. त्याच महिन्यात, रोह्याच्या स्टँडवर आत्याने त्यांना गाठलं, आणि सुमनताई, ज्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या, तिच्यासमोर रडल्या. म्हणजे त्या घराला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग मला कधीच का बोलला नाहीत? आणि तू फलाटावर कशाला येत होतीस?

"आत्या पाठवायची," वनिता म्हणाली. "बोलायची, जा गो, तोंड दाखवून ये. बाईंचा जीव तरी भांड्यात पडू दे. आनि मी विचारू काय म्हटलं, तर बोलायची, नको. त्यांचं त्यांना सांगू दे. खुंट हलवूनच काढायचा असतो, ओढला तर मोडतो."

पुढच्या मंगळवारी मी गाडीने निघाले आणि आयुष्यात दुसऱ्यांदा कासूला उतरले. झोप लागली नव्हती. घरावर पुढच्या बाजूला आता स्लॅब आला होता. मागच्या पडवीवर तेवढी जुनी कौलं होती. ठकूआत्या पडवीत उन्हाला बसली होती, लहान होऊन गेलेली. माहेरी आलेली वनिता आत होती. मी आत्याजवळ जमिनीवर बसले. शब्द पाठ करून आले होते, ते सगळे विसरले. शेवटी एवढंच म्हणाले, "आत्या, रिपोर्ट आलाच नव्हता. पिशवी माझ्या चुकीने गेली. मी खोटं बोलले."

तिने मान हलवली, चहात साखर घालू का विचारल्यावर हलवावी तशी. मग विचारलं, "आता भीती गेली?"

मी म्हटलं, कधीच नाही असं कुणी लिहून देऊ शकत नाही. पण प्लेट बघितली, हात लावून बघितलं, एवढी वर्षं गेली. माझी मुलगी असती तर तिलाही मी हेच सांगितलं असतं. गेली.

"हेच तवा सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "आमी काय, तुमाला खानार व्हतो?"

मी पुडी काढून तिच्या हातात दिली. तिने ती उघडली, दात तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेला, आणि वनिताला शेण आणायला सांगितलं. गोळा केला, पण फेकायला तिचा हात वर जाईना. मग मलाच म्हणाली, फेका. मी उभी राहिले आणि फेकला. कौलावर बारीकसा आवाज झाला, गोळा तिथेच अडकला. आम्ही तिघी थोडा वेळ वर बघत राहिलो, जसं काही लगेच दिसणार होतं.

वनिताने परातीत वालाच्या शेंगा आणल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, वाफाळत्या. शेंगांच्या वासाने पडवी भरून गेली. आत्याने एक शेंग उचलली, ओठांपर्यंत नेली, आणि हसली. तेव्हा मला तिचं तोंड दिसलं. वर-खाली नुसत्या हिरड्या होत्या. एवढ्या वर्षांत मी तिच्या भाचीचा जबडा आठवड्यातून दोनदा चाचपला, आणि तिच्या तोंडात एकदाही बघितलं नाही. कवळी करून देते म्हटलं तर तिने हातानेच नको केलं.

"दात व्हते तवा बोलला असता तर बरं झालं असतं, बाई," ती म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. मी परात माझ्याकडे ओढली. शेंग सोलायची, दाण्याचं साल काढायचं, दोन बोटांत चिरडायचा, आणि तिच्या तळहातावर ठेवायचा. ती डोळे मिटून चघळायची आणि हात पुढे करायची. परतीची गाडी येऊन गेली तरी मी सोलत बसले होते.